युरोपला पहिला द्राक्ष कंटेनर: गोडी छाटणीपासून बंदरातल्या गेट इनपर्यंतची तयारी

सगळ्यात आधी सातबारा काढा आणि त्यावरची नावं नीट वाचा. निफाड, दिंडोरी पट्ट्यातल्या पाच-सात बागायतदारांनी मिळून, शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावानं पहिला कंटेनर नेदरलँड्सला पाठवायचा ठरवला आहे, असं धरून ही यादी लिहिली आहे. अशा गटाची पहिली अडचण बहुतेक वेळा कागदावर निघते. बाग थोरला भाऊ पाहतो, उतारा अजून वडिलांच्या नावावर असतो, बँक खातं तिसऱ्याचंच. निर्यातीसाठी बागेची नोंदणी प्लॉटवार होते आणि त्या प्लॉटचा क्रमांक शेवटी खोक्यावर छापला जातो. नाव, गट नंबर आणि क्षेत्र यांचा मेळ सप्टेंबरातच घालून ठेवा. फेब्रुवारीत काढणीची मजुरांची टोळी बागेत उभी असताना तलाठ्याकडं पळायला कुणालाच सवड नसते.

मग हिशेब. ४० फुटी रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमध्ये साधारण १२ ते १३ टन द्राक्षं बसतात. नऊ बाय पाच फुटांवरच्या बागेत एकरी सुमारे ९६८ झाडं बसतात. निर्यातीसाठी दीड चौरस फुटाला एक घड धरला तर झाडावर ३० घड राहतात, आणि घड ३५० ग्रॅमचा धरला तर एकरी दहा टन माल होतो. त्यातला ६० ते ७० टक्केच पहिल्या वर्षी खोक्यात जाईल असं समजा. म्हणजे एका कंटेनरला दोन एकर चांगली, एका वयाची, एकाच आठवड्यात छाटलेली बाग हवी. पाच जणांची अर्धा-अर्धा एकर पंधरा दिवसांच्या अंतरानं छाटली असेल, तर कागदावर क्षेत्र पुरतं पण एका दिवशी कंटेनर भरत नाही. छाटणीच्या तारखा गटानं एकत्र बसून ठरवायच्या त्या यासाठी. थॉमसन किंवा क्लोन-२ या जातींना गोडी छाटणीपासून, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीपासून, काढणीपर्यंत सुमारे १३० ते १४० दिवस लागतात. दहा ऑक्टोबरला छाटलेली बाग फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते. पेटंट असलेल्या नव्या रंगीत जाती परवान्याशिवाय कुणी कुठून काड्या आणून लावल्या असतील, तर तो माल या हिशेबात धरूच नका.

बागेची नोंदणी तालुका कृषी अधिकाऱ्यांमार्फत होते आणि माहिती अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, ग्रेपनेट प्रणालीत जाते. २००६ पासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा माग खोक्यापासून प्लॉटपर्यंत याच प्रणालीतून लागतो. गेल्या वर्षीची नोंदणी असेल तर नूतनीकरण करा. सातबारा, आठ-अ आणि चतुःसीमा दाखवणारा बागेचा नकाशा जोडा. एका गटात दोन जाती किंवा दोन छाटण्या असतील तर प्लॉट वेगळे नोंदवा. एकच नोंदवला तर एका बाजूला सापडलेला औषधाचा अंश दुसऱ्या बाजूचा चांगला मालही अडवतो.

आता फवारणीची वही. या सगळ्या यादीतलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग) ही मर्यादा लागू होते. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. एवढ्याशा अंशाला चुकीची फवारणी लागतेच असं नाही. आदल्या दिवशी डाळिंबावर वापरलेला ब्लोअर (ट्रॅक्टरचा फवारणी पंप) न धुता बागेत आणला तरी तो येतो. टाकी, पाइप आणि नोझल तीनदा धुवायचे, पहिलं धुवण बागेत सोडायचं नाही, आणि शक्य असेल तर निर्यातीच्या प्लॉटला ब्लोअर वेगळाच ठेवायचा. शेजारच्या बागेतून वाऱ्यानं तुषार येतात, म्हणून कडेच्या दोन ओळींचा माल वेगळा काढून स्थानिक बाजाराला द्यावा. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवलं तर आणखी बरं.

वहीत तारीख, प्लॉट क्रमांक, औषधाचं व्यापारी नाव, त्यातला सक्रिय घटक, बॅच क्रमांक, लिटरला प्रमाण, एकरी पाणी, कशासाठी फवारलं आणि कुणी फवारलं, एवढं त्याच दिवशी लिहायचं. बिलं त्याच वहीला टाचायची. महिनाअखेर आठवून भरलेली वही तपासणीसाला पहिल्या पानावरच ओळखू येते, कारण सगळीकडं एकच पेन आणि एकच हस्ताक्षर असतं. औषध निवडताना मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी, ज्याला सगळे ‘अ‍ॅनेक्शर ५’ म्हणतात, ती भिंतीवर लावा. त्यात औषधाची शिफारस, मर्यादा आणि फवारणी ते काढणीचं अंतर दिलेलं असतं. दुकानदाराचा सल्ला या यादीवर तपासल्याशिवाय टाकीत जाता कामा नये. क्लोरपायरिफॉस २०२० पासून युरोपात बंद आहे. मिलीबगला (पिठ्या ढेकणाला) जुन्या सवयीनं तेच मारलं, तर त्या प्लॉटची निर्यात तिथंच थांबली असं धरा.

खरड छाटणीच्या, म्हणजे काडी तयार करायच्या एप्रिलमधल्या छाटणीच्या, वेळचं औषधही या वहीत हवं. २०१० मध्ये भारतीय द्राक्षात क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे, म्हणजे आपल्या बोलीत सीसीसीचे, अंश सापडले आणि युरोपात कंटेनर अडकले. तेव्हाची मर्यादा ०.०५ पीपीएम होती. हे संजीवक शेंडावाढ रोखायला खरड छाटणीनंतर दिलं जायचं. ते वेलीत राहतं आणि महिन्यांनंतर मण्यात उतरतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये काय मारलं हे विचारल्याशिवाय गटात कुणाचाही प्लॉट घेऊ नका. ‘जैविक’, ‘टॉनिक’, ‘काळोखी आणणारं’ अशा नावानं येणाऱ्या बाटल्यांचंही तसंच. ज्यावर घटक स्पष्ट छापलेला नाही ते बागेत येऊ द्यायचं नाही, कारण अशा मालात रासायनिक औषध मिसळलेलं निघाल्याची उदाहरणं आहेत आणि दोष बाटलीच्या नावावर न जाता तुमच्या प्लॉटच्या क्रमांकावर पडतो.

कायद्याची मर्यादा पाळली म्हणून प्रत्येक ग्राहक खूश होतो असंही नाही. युरोपातल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालवून घेतात आणि एका नमुन्यात किती वेगवेगळी औषधं सापडली तेही मोजतात. आयातदाराला ही अट छाटणीआधी लेखी विचारा. चार-पाच घटकांतच हंगाम काढायचा असेल तर भुरी-डाऊनी या बुरशीजन्य रोगांचं सगळं नियोजन बदलतं. गर्दी कमी ठेवणं, विरळणी वेळेवर करणं आणि हवा खेळती ठेवणं याला मग पर्याय राहत नाही. ग्लोबलगॅपचं, म्हणजे चांगल्या शेती पद्धतीच्या खासगी मानकाचं, गट प्रमाणपत्र, म्हणजे ऑप्शन २, याच सुमाराला सुरू करा. त्यात गटाची अंतर्गत तपासणी, औषधाची कुलूपबंद खोली, मजुरांसाठी शौचालय आणि हात धुण्याची सोय हे सगळं पाहिलं जातं. प्रमाणपत्र जानेवारीत मागून फेब्रुवारीत मिळत नाही.

घडाची तयारी बागायतदारांना सांगायची गरज नाही, फक्त मोजमाप ध्यानात ठेवा. थॉमसनला मण्याचा व्यास किमान १६ मिलिमीटर, चांगल्या भावाला १८. घडात शंभराच्या आसपास मणी. बिनबियांच्या द्राक्षाला युरोपच्या मानकात किमान १४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) लागतो, खरेदीदार १६ ते १८ मागतो. जास्त फुगवलेल्या, जास्त घड ठेवलेल्या बागेत मणी १८ चा होतो पण गोडी तेराच्या पुढं सरकत नाही, आणि वाट पाहिली तर हिरवा रंग जाऊन मणी पिवळसर पडतो. युरोपला एकसारखा हिरवा माल हवा असतो. मण्यात पाणी उतरायच्या वेळी थंडी वाढली की पिंक बेरी येते, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडतात. घड कागदानं झाकायचे असतील तर मणी मऊ पडायच्या आधी झाका, रंग आल्यावर झाकून काही उपयोग नाही.

अंश तपासणीचा नमुना तुम्ही स्वतः नेऊन द्यायचा नसतो. अपेडामान्य प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन घेतो. काढणीच्या साधारण दोन-तीन आठवडे आधी त्याला बोलवा. हंगामाच्या शिखरावर प्रयोगशाळांकडं रांग असते, म्हणून तारीख आधीच घेऊन ठेवा. नमुना दिल्यानंतर एकही फवारणी करायची नाही. ढग आले की इथंच हात शिवशिवतात. शंका असेल तर महिनाभर आधी स्वतःच्या खर्चानं एक चाचणी करून घ्या. तेव्हा काही सापडलं तर अंश उतरायला वेळ असतो.

काढणी पहाटे सुरू करा आणि ऊन चढायच्या आत आटोपा. दव असेल तर घड कोरडे होईपर्यंत थांबा. कात्रीचं टोक बोथट हवं. घड देठाला धरायचा, मण्याला हात लावायचा नाही, कारण वरचा पांढरट मेणाचा थर पुसला गेला की माल जुना दिसतो. क्रेटमध्ये फोम घालून एकच थर. क्रेट जमिनीवर ठेवायची नाही, बांधावर उन्हात तर मुळीच नाही. कापलेला घड चार ते सहा तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट थंड करायच्या खोलीत, पोचला पाहिजे. उशिराचा प्रत्येक तास देठावर दिसतो: देठ तपकिरी पडतो, आणि रॉटरडॅमचा खरेदीदार मण्याच्या आधी देठ पाहतो.

पॅकहाउस अपेडाची मान्यता असलेलंच हवं. लहान गटानं स्वतःचं बांधायच्या फंदात न पडता पहिली दोन वर्षं भाड्यानं घ्यावं. करारात दिवसाला किती टनांची जागा आणि प्रीकूलिंगच्या किती खोल्या तुमच्या, हे लिहून घ्या. नुसत्या ‘बघू, करू’वर गेलात तर त्यांच्या स्वतःच्या मालाची गर्दी झाली की तुमच्या क्रेट बाहेर राहतात. पॅकिंगच्या हॉलचं तापमान १८ ते २० अंश असावं. युरोपला बहुधा ५०० ग्रॅमचे दहा पनेट (छोटे डबे) एका खोक्यात जातात. वाटेत वजन घटतं, म्हणून दोन टक्के जास्त भरा. पाच किलोच्या खोक्यात उतरल्यावर ४.९ भरलं तर तो दावा तुमच्यावरच येतो.

पॅडची चूक सर्वांत महाग पडते. बुरशी रोखायला खोक्यात घातलेलं सल्फर डायऑक्साइडचं पॅड ओलाव्यानं वायू सोडतं. माल गरम असताना पॅड घालून लायनर (खोक्यातली प्लास्टिकची पिशवी) बंद केला तर आत पाणी सुटतं, वायू एकदम बाहेर पडतो, देठाजवळचे मणी पांढरे पडतात आणि अंशही १० पीपीएमच्या मर्यादेवर जाऊ शकतो. म्हणून आधी लायनर उघडा ठेवून प्रीकूलिंग करायचं, घडाच्या आतलं तापमान ४ अंशांच्या खाली उतरलं हे टोचणीच्या थर्मामीटरनं पाहायचं, आणि मगच पॅड घालून लायनर मिटायचा. पुढं शीतगृहात ० ते १ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के.

कंटेनर आल्यावर आधी तो रिकामा पाहा: वास, भोकं, दाराचं रबर, तपासणीचा स्टिकर. रीफर माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. सहा अंशांचा माल भरला तर मधल्या पॅलेट बऱ्याच दिवस सहाच्या आसपासच राहतात. खोकी कंटेनरच्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर जाऊ द्यायची नाहीत, नाहीतर हवा फिरत नाही. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा, म्हणजे लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. शिक्का नसेल तर उत्तम मालही बंदरात अडतो. न्हावा शेवापर्यंतच्या ट्रेलरला चालू जेनसेट (डिझेल जनरेटर) आहे ना, हे डिझेलच्या काट्यासकट बघा.

कागद आता थोडक्यात, कारण त्यांची गाडी क्रमानं गेली तर अवघड नाही. कंपनीच्या पॅनवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, काढायचा. तो दर वर्षी एप्रिल ते जून दरम्यान, काही बदल नसला तरी, पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. परकी चलनाचा व्यवहार करणाऱ्या बँकेचा एडी कोड सीमाशुल्काच्या प्रणालीत त्या बंदरासाठी नोंदवायचा. अपेडाचं आरसीएमसी, म्हणजे नोंदणी व सदस्यत्व प्रमाणपत्र, घ्यायचं. माल तयार झाल्यावर अंश तपासणीचा अहवाल, अ‍ॅगमार्क प्रतवारीचं प्रमाणपत्र, त्यावर फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र, मग शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्काकडचा निर्यातीचा अर्ज. कंपनीचं नाव, खोक्यांची संख्या, निव्वळ वजन आणि ०८०६१००० हा मालाचा कोड सगळीकडं अक्षरशः सारखा हवा. ‘लि.’ एका कागदावर आणि पूर्ण रूप दुसऱ्यावर, एवढ्यानंही सीएचएचा (सीमाशुल्क दलालाचा) फोन रात्री येतो.

सौद्याचा कागद मात्र लांबच हवा. ताज्या द्राक्षात बरेचसे व्यवहार कन्साइनमेंटवर होतात: माल तिकडं विकला जातो, खर्च आणि कमिशन कापून उरलेलं येतं. पहिल्याच वर्षी किमान हमी दराशिवाय असा माल देऊ नये. करारात जात, मण्याचा आकार, ब्रिक्स, पॅकिंग, खोकी पोचल्यापासून किती तासांत तक्रार करायची, आणि पाहणी कोणत्या त्रयस्थ संस्थेनं करायची हे लिहा. आगाऊ रक्कम मिळत नसेल तर ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्धचा) विमा घ्या. जहाजाचा मार्गही विचारा. सुएझमार्गे तीन-चार आठवड्यांत पोचणारा माल, २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागला, आणि दहा ते चौदा दिवस वाढले. लांबचा मार्ग असेल तर पावसात सापडलेला, भेगाळलेला किंवा अठराच्या वर ब्रिक्स गेलेला माल त्या कंटेनरमध्ये घालू नका.

भरताना दाराजवळच्या आणि मधल्या पॅलेटमध्ये प्रत्येकी एक तापमान नोंदक ठेवा, त्यांचे क्रमांक लिहून घ्या, आणि दार बंद होण्याआधी प्रत्येक रांगेचा फोटो काढा. प्रत्येक प्लॉटची दोन-तीन खोकी स्वतःच्या शीतगृहात ठेवून दर आठवड्याला त्यातली एक उघडा, देठ आणि मणी पाहून वहीत नोंद करा. रॉटरडॅमहून ‘माल सडका निघाला’ असा फोन आला, की बोलायला हाताशी एवढंच असतं.