पित्ताची गोळी घेताय? जठराच्या सुजेत या चुका टाळा

जळजळ झाली, मळमळलं, दोन घासांत पोट गच्च वाटलं की आपल्याकडे निदान ठरलेलं: "पित्त झालंय." मग गोळी. पण जठराच्या अस्तराला सूज (गॅस्ट्रायटिस) असेल, तर आम्ल फक्त जखमेवर मीठ चोळतं. जखम बहुधा दुसऱ्याच कुणी केलेली असते.

तो दुसरा कुणी बऱ्याचदा घरच्याच औषधांच्या डब्यात सापडतो. गुडघ्यांसाठी महिनोन्महिने चाललेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही द्रव्यं तयारच होऊ देत नाही. "मी जेवूनच घेते" म्हणून सुटका होत नाही, कारण हे औषध रक्तातूनही तेच करतं. इंजेक्शनचंही तसंच. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरा संशयित हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो चक्क पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. या जंतूच्या शोधासाठी २००५ चं नोबेल त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना मिळालं. इथली नेहमीची चूक म्हणजे पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल या पित्ताच्या (आम्ल कमी करणाऱ्या) गोळ्या चालू असतानाच श्वासाची वा शौचाची तपासणी करणं. जंतू असूनही रिपोर्ट 'निगेटिव्ह' येऊ शकतो, म्हणून डॉक्टर या गोळ्या साधारण २ आठवडे आधी थांबवायला सांगतात. जंतू सापडला तर अँटिबायोटिक्सचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलात, तर उरलेले जंतू पुढच्या वेळी औषधाला दाद देतीलच असं नाही.

पित्ताच्या याच गोळ्या जेवून जळजळायला लागल्यावर घेतल्या जातात, तेही चूकच. जेवताना आम्लाचे पंप सुरू होतात, तेव्हा औषध रक्तात हजर हवं. म्हणून जेवणाआधी अर्धा तास.

थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग आम्ल पुन्हा वाढतं. मिरचीला मात्र उगाच फाशी देऊ नका. तिने आग होते, पण सुजेचं मूळ सहसा ती नसते. दारू आणि तंबाखू (मिश्रीसुद्धा!) आधी सोडा.

डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना घटणारं वजन, यात घरगुती उपाय नकोत. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, तर सोड्याची बाटली उघडत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.