चांदीच्या कारखान्यातला रासायनिक धोका तपासण्याआधी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत बऱ्याच ठिकाणी आटणी (चांदी वितळवणं) आणि झाळकाम (झाळ नावाच्या मिश्रधातूने तुकडे जोडणं) राहत्या घरातच चालतं, म्हणून धोक्यांच्या यादीची सुरुवात बाटल्यांपासून नको, माणसांपासून करा. झाळीला कोण बसतं, किती तास, वरच्या मजल्यावर लहान मूल किंवा गरोदर बाई आहे का, हे आधी वहीत उतरवा. पदार्थ विषारी असणं वेगळं आणि तो अंगात किती जातो हे वेगळं. युरोपातला वैद्य पॅरासेल्सस याने १५३८ मध्येच मात्रेवर बोट ठेवलं होतं. कुलूपबंद कपाटातल्या सायनाइडचं नाव भीतिदायक, पण रोज नाकात जाणाऱ्या धुराचा हिशेब आधी मांडायचा.

मग प्रत्येक मालाची सुरक्षा माहितीपत्रिका दुकानदाराकडून मागून घ्या. नाही म्हणाला तर दुकान बदला. तिच्या सोळा भागांतले चौथा, आठवा आणि अकरावा, म्हणजे प्रथमोपचार, हवेतली मर्यादा आणि विषारीपणा, एवढे नीट वाचा. त्यातला एलडी-५० म्हणजे प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतील ती मात्रा. थोडं थोडं वर्षानुवर्षं अंगात गेलं तर काय, हे तो आकडा सांगत नाही.

झाळीच्या बाबतीत खरा प्रश्न तोच आहे. तिच्यात कॅडमियम (एक विषारी धातू) आहे का, स्पष्ट विचारा. चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते, कॅडमियम ७६७ लाच उकळतं. ज्योत जरा जास्त लागली की त्याचा धूर झालाच. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी त्याची मर्यादा घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम आहे. पाळीत साधारण १० घनमीटर हवा आत जाते असं धरलं तर ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाचा जेमतेम एक कण! सणासुदीला बारा तास बसणाऱ्याला ही मर्यादा जशीच्या तशी लावू नका. मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम दहा-वीस वर्षं हलत नाही. बिनकॅडमियमची झाळ मिळते, तीच आणा. मास्कचा विचार त्यानंतर.

नायट्रिक अ‍ॅसिडच्या तपकिरी धुरासाठी हवा तोंडापासून दूर ओढून बाहेर टाकणारा पंखा हवा, आणि तो शेजाऱ्याच्या खिडकीत नको. एन-९५ धूळ अडवतो, हा वायू नाही. अ‍ॅसिड आणि सायनाइड एका फळीवर तर नाहीत ना, हेही बघा. एकत्र आले तर जीवघेणा वायू सुटतो. चहा-मावा कामाच्या जागेबाहेर, हात साबणाने धुऊनच.

तपकिरी धूर लागलेल्याला तासाभरात बरं वाटलं तरी घरी पाठवू नका, फुप्फुसात पाणी कित्येक तासांनी भरू शकतं. भिंतीवर १०८ लिहा, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्यायला गाडी कुणाची ते ठरवा. डॉक्टरांना ‘चांदीचं काम करतो’ एवढं सांगून भागत नाही, म्हणून पदार्थांची नावं लिहिलेली चिठ्ठी त्याच भिंतीवर अडकवून ठेवा.