‘हाबं’ कोणाच्या तोंडचं? जर्मन निकालपत्र इंग्रजीत आणताना

जर्मन कोर्टाचं निकालपत्र भाषांतराला आलं की मी आधी त्यातला ‘टाटबेश्टांड’, म्हणजे प्रकरणाची हकीकत सांगणारा भाग, पेन्सिल घेऊन वाचते. दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या गोष्टी तिथे साध्या क्रियापदांत येतात आणि वादातल्या गोष्टी ‘कोन्युंक्टिव एक’मध्ये, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं सांगायच्या क्रियापदाच्या रूपात. ‘हाट’चं (इंग्रजी ‘हॅज’) ‘हाबं’ झालं, ‘इस्ट’चं (‘इज’) ‘झाय’ झालं, की समजायचं: हे कोर्टाचं मत नव्हे, पक्षकाराचं म्हणणं आहे. अशा प्रत्येक वाक्यापुढे मी समासात ‘वा’ किंवा ‘प्र’ लिहिते, वादी की प्रतिवादी. एवढं झाल्याशिवाय इंग्रजीला हात लावू नका.

कारण जर्मनमध्ये ‘वादीचं म्हणणं’ एकदाच सांगतात आणि पुढचा अख्खा परिच्छेद नुसत्या क्रियापदांवर चालतो. नमुना बघा: ‘डेर क्लेगर बेहाउप्टेट, डी माशीनं हाबं बेराइट्स बाय डेर लीफेरुंग आयनेन रिस गेहाब्ट. एर हाबं डीस डेर बेक्लाग्टन झोफोर्ट मिटगेटाइल्ट. डीझं हाबं निश्ट रेआगीर्ट.’ मशीनला माल पोचतानाच तडा होता, आपण लगेच कळवलं, प्रतिवादीने दाद दिली नाही, असं वादी म्हणतोय. दुसरं वाक्य इंग्रजीत ‘ही इन्फॉर्म्ड द डिफेंडंट इमीजिएटली’ असं सुटं ठेवलंत, तर वादीचा दावा कोर्टाने मान्य केलेली वस्तुस्थिती होऊन बसतो. मी असं लिहीन: ‘द क्लेमंट अलेजेस दॅट द मशीन वॉज ऑलरेडी क्रॅक्ड ऑन डिलिव्हरी. ही सेज ही टोल्ड द डिफेंडंट ॲट वन्स बट गॉट नो रिप्लाय.’ शेवटची दोन वाक्यं एकाच ‘ही सेज’खाली आली. दर वाक्याला ‘ही सेज’ लावलं तर वाचणारा वैतागतो. म्हणून जोडता येतील ती वाक्यं जोडा, परिच्छेद लांबला तर मध्ये ‘अकॉर्डिंग टू द क्लेमंट’ आणा.

काळाचं सोपं आहे. ‘एर झाग्टं, एर झाय क्रांक’ याचं इंग्रजी ‘ही सेड ही वॉज इल’. जर्मनमध्ये ‘गेवेझेन’ (इंग्रजी ‘बीन’) जोडलेलं असेल तरच ‘हॅड बीन’.

खरा चकवा ‘हेटन’चा. अनेकवचनी ‘हाबन’ साध्या रूपासारखंच दिसतं, म्हणून जर्मन लोक तिथे ‘कोन्युंक्टिव दोन’, म्हणजे एरवी ‘असतं तर’ सांगणारं रूप ‘हेटन’, वापरतात. ‘झी झाग्टन, झी हेटन कायनं त्साइट’ म्हणजे त्यांना वेळ नव्हता, बस्स. ‘वुड हॅव’ लिहिलंत तर नसलेली अट घुसते.

मराठीतलं ‘म्हणे’ इथे उपयोगी पडतं, पण बेतानेच. ‘तो म्हणे आजारी होता’ यात आपण हलकासा संशय मिसळतो. ‘कोन्युंक्टिव एक’ तटस्थ असतो. म्हणून जागोजागी ‘अलेजेडली’ किंवा ‘सपोजेडली’ पेरू नका. वादीचं म्हणणं कोर्टाने अजून तोललेलंही नसतं, आणि भाषांतरकाराने ते आधीच पाडायचं हे मला मुळीच पटत नाही. कोर्टाच्या इंग्रजीत ‘अलेजेस’ हे क्रियापद रुळलेलं आहे, ते चालतं. बाकी ठिकाणी ‘सेज’ किंवा ‘स्टेट्स’ पुरे.

‘म्हणे’ची खरी जागा ‘झोल’ आणि ‘विल’ या साहाय्यक क्रियापदांपाशी आहे. ‘एर झोल राइश झाइन’ म्हणजे तो म्हणे श्रीमंत आहे: ‘ही इज सेड टू बी रिच’. आणि ‘एर विल निश्ट्स गेझेहेन हाबन’ म्हणजे त्याने म्हणे काहीच पाहिलं नाही: ‘ही क्लेम्स टू हॅव सीन नथिंग’. इथे ‘क्लेम्स’मधला संशय मूळ जर्मनमध्येच असतो, तो राहू द्या.