स्थिर पाण्याचा दाब मोजताना या चुका टाळा

चौथ्या मजल्यावरच्या एका घरात शॉवरला धार येत नव्हती. प्लंबरने पार्किंगमधल्या नळाला गेज लावलं. काटा दीड किलोच्या जरा पुढे गेला आणि निदान झालं: ‘प्रेशर भरपूर आहे, शॉवरच खराब.’ नवा शॉवर बसला, धार होती तशीच राहिली.

गेज बरोबर होतं, पण ते पार्किंगचा दाब सांगत होतं. दाब मोजताना सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

स्थिर पाण्यात दाब ठरतो तो पाण्याच्या वरच्या पातळीपासून मोजायच्या जागेपर्यंतच्या उभ्या अंतरावर. १० मीटरला साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), १ मीटरला ०.१. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पार्किंगच्या नळाच्या १५.७ मीटर वर होतं, म्हणून तिथे १.५७. शॉवरपासून तेच पाणी जेमतेम २.४ मीटर वर, म्हणजे तिथे ०.२४. पाव किलोसुद्धा नाही!

म्हणून जिथला दाब हवा तिथेच गेज लावा. जमत नसेल तर टेप घ्या, उंचीतला फरक मोजा आणि गेज जितके मीटर खाली असेल तितके ०.१ वजा करा. पाइपने किती वळसे घेतले ते मोजू नका. मोजायचं ते टाकीच्या तळापासून नाही, पाण्याच्या पातळीपासून. रक्तदाब घेतानाही पट्टा हृदयाच्या उंचीला ठेवतात तो याचसाठी. हात १० सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा पाऱ्याच्या ७-८ मिलिमीटरने जास्त येतो.

‘हजारऐवजी दोन हजार लिटरची टाकी बसवू’ हा उपाय सोसायटीच्या बैठकीत हमखास निघतो. रुंद टाकीतलं पाणी जास्त वेळ पुरेल, दाब तोच राहील. जुनीच टाकी एक मीटर उंच स्टँडवर चढवली तर मात्र ०.१ नक्की वाढेल.

मोजताना त्या लाइनवरचे सगळे नळ बंद हवेत. पाणी वाहू लागलं की घर्षणात दाब खर्च होतो. नळ बंद असताना काटा हिशेबाप्रमाणे आणि नळ उघडताच एकदम खाली येत असेल, तर लाइन चोक आहे किंवा एखादा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे.

गेज निवडतानाही चुकतं. ० ते १० किलोच्या डायलवर अचूकता २.५ टक्के लिहिली असेल, तर ते टक्के पूर्ण डायलचे असतात: ०.२५ किलो. शॉवरचा सगळा दाब त्या चुकीतच बुडाला! अशा ठिकाणी ० ते १ किलोचं गेज घ्या.

प्रयोगशाळेतला मॅनोमीटर

मॅनोमीटर म्हणजे ‘यू’ आकाराची काचनळी; दोन बाजूंच्या द्रवाच्या पातळीतल्या फरकावरून दाब कळतो. पॉलिटेक्निकच्या मुलांना ही यू-नळी शिकवताना माझा निम्मा वेळ हवा काढण्यात जातो. उभ्या नळीत २ सेंटिमीटर लांबीचा बुडबुडा आडवा येऊन बसला, तर पाण्याचा तेवढा स्तंभ हिशेबातून गेला. आडव्या नळीत तोच बुडबुडा स्थिर दाब मोजताना बिघाड करत नाही, आणि काचेला चिकटलेला बारीक मणीही नाही. त्यामुळे उभ्या भागांकडे आधी बघा, नळीवर टिचक्या मारत हवा वर आणा.

दुसरी चूक वहीत होते. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट, म्हणून मुलं पाऱ्याच्या फरकाला सरळ १३.६ ने गुणतात. पण पाइपमध्ये पाणी असेल आणि दोन्ही बाजूंना पाऱ्यावर पाणीच असेल, तर तेही वजन घालतं. पाइपच्या एकाच पातळीवरच्या दोन जागांमधला दाबाचा फरक काढताना गुणक १२.६ घ्यायचा. नाहीतर उत्तर जवळजवळ ८ टक्के जास्त येतं. दरवर्षी निम्म्या वह्यांत ही चूक सापडते आणि दरवर्षी मला ती नव्याने खटकते, कारण पाणी तिथे डोळ्यांसमोर दिसत असतं.

वाचताना डोळा पातळीच्या रेषेत ठेवा. पाण्याचा खालचा वाक वाचा, पाऱ्याचा वरचा. १ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत पाणी नुसत्या पृष्ठताणाने जवळपास ३० मिलिमीटर चढतं, तेव्हा बारीक नळी टाळा.

निरपेक्ष दाब (मोजलेला दाब अधिक हवेचा दाब) काढताना हवेच्या दाबाचे म्हणून पाऱ्याचे ७६० मिलिमीटर डोळे झाकून मिळवू नका. १६४८ मध्ये पास्कालच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी फ्रान्समधल्या प्युई द डोम डोंगरावर नेली, तेव्हा पारा पायथ्यापेक्षा सुमारे ८ सेंटिमीटर खाली राहिला. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथे तो ७१० च्या आसपास असतो. प्रयोगशाळेतला बॅरोमीटर त्याच दिवशी वाचा.

आणि वाचन सुरू करण्याआधी दोन्ही टोकं हवेला उघडी करा. पातळ्या जुळल्या नाहीत तर पुढचं काहीही लिहू नका. पट्टी सरकलेली आहे किंवा नळीत अजून हवा आहे.