खरा अ‍ॅम्प की लॅपटॉपमधला? घरच्या घरी तुलना कशी करावी

राजारामपुरीतल्या आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत एक वाद दर दोन-तीन महिन्यांनी हमखास पेटतो. गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पचा, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा, आवाज प्लगिनला, म्हणजे त्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला, येतो का? एक जण अ‍ॅम्प लावतो, दुसरा लॅपटॉप उघडतो, दोघंही दोन-चार कॉर्ड वाजवतात आणि येताना जे मत होतं तेच घेऊन घरी जातात. तशी तुलना तुलनाच नसते. अ‍ॅम्प मोठ्याने वाजत असतो, लॅपटॉप हळू. अ‍ॅम्प खोलीत उभं राहून ऐकलेला, प्लगिनचा आवाज मात्र माइकमधून आल्यासारखा बनवलेला. एकदम चार गोष्टी बदलल्यावर फरक कशाने पडला हे कळणार कसं?

आपल्या भागाच्या कानाला हा प्रश्न खरं तर ओळखीचा आहे. देवल क्लब या संगीतसंस्थेच्या आमच्या कोल्हापुरात मिरजेचा तानपुरा आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांच्यावरून गायकांनी किती वाद घातले असतील! जवारीचा दोरा केसभर सरकवला की तारेतून निघणारे वरचे स्वर बदलतात, हे ज्याने जवळून ऐकलंय त्याला ट्यूब अ‍ॅम्पचं ‘फाटणं’ (जोरात वाजवल्यावर आवाज खरखरीत होणं) समजायला वेळ लागत नाही. तिथेही मूळ स्वरावर नवे स्वर चढतात, आणि किती चढायचे हे बोटाच्या जोरावर ठरतं. प्लगिनची खरी परीक्षा तिथेच आहे.

सामान

तुमचा अ‍ॅम्प, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), शुअर एसएम५७ किंवा तसाच डायनॅमिक माइक, आणि एक अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल अ‍ॅम्पला आणि रेकॉर्डिंगला दोन्हीकडे देणारा डबा). डीआय विकत घ्यायची गरज नाही. ऑर्केस्ट्राला साउंड देणाऱ्या कुणाकडेही तो कीबोर्डसाठी असतोच, दोन दिवसांसाठी मागून आणा. पॅसिव्ह डीआय टाळा, तो गिटारच्या पिकअपवर (तारांचं कंपन पकडणाऱ्या भागावर) जास्त भार टाकतो आणि वरची धार बोथट होते.

प्लगिन कोणतंही चालेल, पण तुमच्याच मॉडेलच्या अ‍ॅम्पचं हवं. मार्शलसमोर फेंडरची नक्कल ठेवून निकाल लावू नका. पैसे घालायचे नसतील तर न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर मोफत आहे. त्यात खऱ्या अ‍ॅम्पमधून ठरावीक सिग्नल पाठवून, जो आवाज बाहेर येतो त्यावरून संगणकाला शिकवलं जातं. त्याला कॅप्चर म्हणतात. कॅप्चर हे साधारणपणे नॉबच्या एकाच स्थितीचं असतं, म्हणजे ज्या गेनवर (आवाज किती फाटेल ते ठरवणाऱ्या नॉबवर) घेतलं त्याच गेनचं. शिवाय काही कॅप्चर फक्त हेडची (स्पीकर सोडून उरलेल्या अ‍ॅम्पची) असतात, काहींत कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आणि माइकही आलेला असतो. फक्त हेडचं असेल तर पुढे कॅबिनेटची आयआर फाइल (कॅबिनेट आणि माइकच्या आवाजाचा ठसा) लावावीच लागते. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळतो. तो गाळणारा भाग नसेल तर डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं ऐकू येतं, आणि त्यावरून ‘प्लगिन भंगार’ असं ठरवणारे मी बरेच पाहिलेत.

आधी अ‍ॅम्प तयार करा

ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मागचं झाकण उघडून बघण्याचा मोहही नको. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहतं. परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावूनच वापरा.

चालू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. आणि प्लगपॉइंटचं व्होल्टेज मल्टिमीटरने बघून वहीत लिहून ठेवा. हे कुणी करत नाही, पण करावं. गणपतीत आमच्या गल्लीत मंडपांची रोषणाई लागली की संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून २१० पर्यंत उतरलेलं मी पाहिलंय. बहुतेक ट्यूब अ‍ॅम्पमध्ये आतलं व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरतं. अ‍ॅम्प लवकर फाटतो, फटका मऊ होतो. म्हणजे तुमचा खरा अ‍ॅम्पसुद्धा दुपारी एक आणि रात्री दुसरा असतो. सगळं रेकॉर्डिंग एका बैठकीत उरका, शक्यतो दुपारी.

माइक

या पायरीवर घाई करू नका. मोबाइलची टॉर्च स्पीकरच्या जाळीच्या कापडावर तिरकी धरली की आतला कोन दिसतो, आणि मधोमध असलेली गोल टोपीही. टोपी जिथे कोनाला चिकटते त्या कडेसमोर माइक लावा, कापडापासून बोटभर अंतरावर. आता कानाला हेडफोन लावा, कुणाला तरी वाजवायला सांगा आणि माइक दोन बोटं बाहेरच्या बाजूला सरकवा. धार गेली, आवाज जाड झाला. मध्याकडे आणा, धार परत येते. हा फरक अ‍ॅम्प आणि चांगलं प्लगिन यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा असतो, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलंय. म्हणून एकदा जागा पक्की झाली की माइकच्या स्टँडखाली जमिनीवर टेपने खूण करा आणि हात लावू नका.

एकाच हाताचं वाजवणं दोन्हीकडे

गिटारची केबल डीआयमध्ये घाला. डीआयच्या थ्रू सॉकेटमधून दुसरी केबल अ‍ॅम्पला जाते, आणि त्याच्या मागच्या कॅनन (एक्सएलआर) सॉकेटमधून कोरा सिग्नल इंटरफेसच्या माइक इनपुटला. दुसऱ्या इनपुटला एसएम५७. आता एकदा वाजवलं की दोन ट्रॅक तयार होतात. एकात तुमचा अ‍ॅम्प, दुसऱ्यात कोरी गिटार, जिच्यावर नंतर प्लगिन लावायचं. दोनदा वेगवेगळं वाजवून तुलना केली तर तुम्ही अ‍ॅम्पची नाही, स्वतःच्या हाताची तुलना करता.

डीआय मिळालाच नाही तर कोरी गिटार थेट इंटरफेसमध्ये रेकॉर्ड करून रीअ‍ॅम्प बॉक्समधून (रेकॉर्ड केलेला सिग्नल पुन्हा गिटारच्या सिग्नलसारखा करणाऱ्या डब्यातून) अ‍ॅम्पला पाठवता येते. तेव्हा इंटरफेसवरचं बटण ‘इन्स्ट्रुमेंट’वरच हवं. मी पहिल्यांदा ही तुलना केली तेव्हा ते ‘लाइन’वर राहिलं होतं. लाइन इनपुटचा रोध कमी असल्यामुळे पिकअपचे वरचे स्वर तिथेच मेले, आणि दोन आठवडे मी प्लगिनला मंद म्हणत राहिलो.

काय वाजवायचं? मिनिटभर पुरे. मोकळी कॉर्ड, एकेका तारेचे स्वर हळू आणि जोरात, तळवा ठेवून दाबलेली खालची तार, आणि एक स्वर पूर्ण विरेपर्यंत. शेवटी एकच कॉर्ड वाजवत राहा आणि गिटारचा व्हॉल्यूम १ पासून १० पर्यंत हळूहळू वाढवत न्या. प्रत्येक आकडा तोंडाने म्हणा, माइकमध्ये येऊ दे.

प्लगिन जुळवणं

या आकड्यांचा उपयोग आता होतो. समजा अ‍ॅम्प व्हॉल्यूम ६ वर फाटायला लागला. प्लगिनचा इनपुट गेन असा लावा की तेही ६ वरच फाटेल. अ‍ॅम्पला गिटारचे व्होल्ट थेट मिळतात. प्लगिनला मिळतो तो इंटरफेसने मोजून पाठवलेला आकडा. तो कमी गेला तर प्लगिन गुळगुळीत वाटतं, जास्त गेला तर चिकट. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक वादांचं मूळ इथेच होतं.

बेस, मिडल, ट्रेबल मात्र आकडा बघून लावू नका. अ‍ॅम्पवर ५ म्हणून प्लगिनमध्येही ५, असं चालत नाही. नॉबमागच्या पॉटमध्येच (बदलत्या रोधात) १०-२० टक्के इकडेतिकडे असतं, ट्यूबही जुन्या होतात, त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन अ‍ॅम्पसुद्धा तंतोतंत सारखे वाजत नाहीत. कानाने जुळवा, आणि जुळवायला अर्धा तास घालवा.

आवाज समान करा

दोन्ही ट्रॅक लाउडनेस मीटरवर आणून एलयूएफएसचा (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाचा) आकडा जुळवा, ०.२ पेक्षा जास्त फरक नको. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज आपल्याला मोठा न वाटता चांगला वाटतो, भरदार वाटतो. ही पायरी गाळली तर आधीची सगळी मेहनत वाया.

डोळे मिटून ऐका

मित्राला सांगा, दोन्ही फाइलना क आणि ख नाव दे, कोणती कुठली हे सांगू नको. मग त्याने १६ वेळा यातली कुठलीही एक लावायची, कोणती ते दर वेळी नाणं उडवून ठरवायचं, आणि तुम्ही अ‍ॅम्प की प्लगिन ते कागदावर लिहायचं. उत्तरं शेवटपर्यंत बघू नका. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आली तर तुम्हाला फरक खरंच ऐकू येतोय. नुसत्या अंदाजाने इतकी बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. ८-९ आली तर तुमच्या कानाला ते दोन्ही एकच आहेत. मध्ये दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, कान थकतो.

माझा निकाल सांगतो. माइकमधून रेकॉर्ड केलेल्या, मध्यम फाटलेल्या आवाजात मला ९ आली. विरत जाणाऱ्या एकट्या स्वरावर मात्र १३. शेवटच्या सेकंदाला ट्यूबचा स्वर जसा घोगरा होऊन साफ होत जातो, ते त्या कॅप्चरला जमलं नव्हतं.

बोटांची परीक्षा वेगळी

एवढं झाल्यावरही वाजवताना कसं वाटतं हा प्रश्न उरतो, आणि तो रेकॉर्डिंगने सुटत नाही. यासाठी प्लगिन स्टेज मॉनिटरमधून वाजवा, लॅपटॉपच्या स्पीकरमधून नाही. अ‍ॅम्प आणि मॉनिटर शेजारी ठेवा, तुम्ही दोघांपासून सारख्याच अंतरावर उभे राहा, मोबाइलच्या डेसिबल अ‍ॅपवर आवाज सारखा करा. इंटरफेसचा बफर (संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने हाताळतो तो आकडा) ६४ किंवा १२८ ठेवा. ४८,००० हर्ट्झवर १२८ चा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास. येण्याजाण्याचा एकूण उशीर त्याहून जास्त असतो, तरी तीन मीटरवरच्या अ‍ॅम्पचा आवाजच तुमच्यापर्यंत यायला ९ मिलिसेकंद घेतो, हे लक्षात ठेवून घाबरू नका.

इथे अ‍ॅम्प जिंकला तर त्यात बराच वाटा बारा इंची स्पीकरचा आणि खोलीचा असतो. ते तपासायचं असेल तर प्लगिनमधलं कॅबिनेट आणि पॉवर अ‍ॅम्प बंद करा आणि इंटरफेसचं आउटपुट अ‍ॅम्पच्या मागच्या एफएक्स रिटर्नमध्ये (थेट पॉवर अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या सॉकेटमध्ये) घाला. आता दोन्हीकडे स्पीकर तोच, पॉवर ट्यूब त्याच, फरक उरला तो फक्त प्रीअ‍ॅम्पचा, म्हणजे स्वर घडवणाऱ्या पहिल्या टप्प्याचा. आमच्या खोलीत हे केलं तेव्हा अ‍ॅम्पच्या बाजूने सर्वांत जोरात भांडणारा आमचा बेसिस्ट दोन वेळा चुकला, आणि मग त्यानेच केबल हातात घेऊन तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.