आयसीयूत पेशंट शांत पडलाय म्हणून निर्धास्त होऊ नका, या चुका टाळा

कोल्हापुरात आयसीयूत नाईट करताना हे वाक्य सारखं कानावर येतं, "सिस्टर, आबा लई दंगा करायल्यात, झोपंचं इंजेक्शन द्या की." आणि आपणही घाईत मिडाझोलम वाढवतो, हीच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. मिडाझोलम किंवा प्रोपोफॉलनं पेशंट झोपतो पण दुखणं थांबत नाही, ट्यूब टोचत असते, टाके ओढत असतात आणि त्या बिचाऱ्याला सांगता येत नाही एवढंच. आयसीयूसाठीच्या 2018 च्या पॅडिस गाइडलाइनमध्येही आधी दुखणं बघा, मग सेडेशन (गुंगीचं औषध) असंच आहे.

दंगा सुरू झाला की आधी ऑक्सिजन, शुगर, लघवीची नळी बघा. नळी वाकून मूत्राशय तट्ट फुगलेलं असतं आणि आपण सिरिंज पंपाचा रेट वाढवत बसतो. बोलू न शकणाऱ्या पेशंटला सीपॉट, म्हणजे दुखणं मोजायची पट्टी लावा, चेहरा, हालचाल, अंगाचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळतंय का, प्रत्येकाला 0 ते 2, एकूण 8, आणि 3 किंवा जास्त आलं तर दुखतंय असं धरा. नुसत्या पल्स-बीपीवर विसंबू नका.

सेडेशनचं टार्गेट न लिहिता ड्रिप चालू ठेवणं हीपण नेहमीची चूक. बहुतेकांना रास (गुंगी किती आहे ते मोजायची पट्टी) -2 ते +1 पुरतं, म्हणजे हाक मारली की डोळे उघडून बघतील इतपत. रोज सकाळी डॉक्टरांना विचारा, आज कमी करायचं का? फिट येत असतील, मेंदूचं प्रेशर वाढलं असेल किंवा स्नायू सैल करायचं औषध चालू असेल तर मात्र थांबवायचं नाही.

आता डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मेंदूचा गोंधळ. ओरडणारा सगळ्यांना दिसतो, गप्प पडलेला निसटतो. कागलकडचे एक आजोबा होते, दोन दिवस आम्ही चार्टवर 'शांत' लिहिलं, शेवटी लेक म्हणाली, आमचे आबा असं गप कधी बसत न्हाईत ओ. मग कॅम-आयसीयू ही डिलिरियमची तपासणी केली, त्यात ठरलेली 10 इंग्रजी अक्षरं म्हणायची आणि 'ए' आलं की हात दाबायला सांगायचं, 2 पेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष टिकत नाही. आबांनी एकदाही हात दाबला नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

दंगा शांत करायला वापरतात ते हॅलोपेरिडॉल सरसकट देऊ नका, त्यानं डिलिरियम लवकर जातो असं 2018 च्या मोठ्या अभ्यासात दिसलं नाही. मिडाझोलमसारख्या औषधांनी तो वाढूही शकतो, पण दारू सुटल्यामुळे होणारी थरथर असेल तर त्याच गटातली औषधं लागतात, म्हणून घरच्यांना दारूबद्दल स्पष्ट विचारा, ते लाजून लपवतात.

आणि हात बांधायच्या आधी चष्मा, कानाचं मशीन द्या, रात्री लाइट कमी करा, लेकीला पाच मिनिटं आत बोलवा. आबांचा चष्मा नातेवाइकांच्या पिशवीत होता, तो घातल्यावर त्यांनी पहिल्यांदा लेकीकडं बघितलं.