दक्षिण सुदानच्या शांतता कराराची बातमी वाचायची कशी

भाचा यूपीएससीची तयारी करतोय, परवा वैतागून म्हणाला मामा या दक्षिण सुदानमध्ये करार होतो, मोडतो, परत होतो, कसं लक्षात ठेवायचं? म्हटलं तारखा घोकू नकोस, बातमी वाचायची कशी ते बघ. त्याला जे सांगितलं तेच लिहितोय.

आधी थोडक्यात. 9 जुलै 2011 ला देश जन्माला आला, त्याआधी जानेवारीत सार्वमत झालं त्यात जवळजवळ 99 टक्के लोकांनी वेगळं व्हायचं म्हणून मत दिलं. आणि अडीच वर्षं होत नाहीत तोवर, 15 डिसेंबर 2013 ला, राजधानी जुबात गोळीबार सुरू. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर (ते काळ्या काउबॉय हॅटवाले), दुसऱ्या बाजूला त्यांनीच जुलैमध्ये काढून टाकलेले उपराष्ट्राध्यक्ष रीक माचार. कीर डिंका जमातीचे, माचार नुएर जमातीचे. पण म्हणून 'जमातींचं भांडण' असं लिहून मोकळं होऊ नका, भांडण दोघांच्या एकाच पक्षातल्या खुर्चीवरून पेटलं आणि मग खाली लोकांत उतरलं.

आता बातमीत पहिलं काय शोधायचं, तर मध्यस्थ कोण आणि त्याचं स्वतःचं काय अडकलंय. इथे मध्यस्थ म्हणजे इगाड, पूर्व आफ्रिकेतल्या शेजारी देशांची संघटना, बोलणी अदिस अबाबात. आणि त्याच इगाडमधला युगांडा त्याच वेळी कीरच्या मदतीला सैन्य घेऊन जुबात उतरलेला! म्हणजे अंपायरच्या घरातलाच एकजण बॅटिंगला. सुदानचं पण तसंच, दक्षिणेचं तेल पाइपलाइनने सुदानमधूनच पोर्ट सुदानला जातं, त्यामुळे 2018 मध्ये सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर यांनी त्यांच्या राजधानीत, खार्तूममध्ये बोलणी भरवली ती काही नुसती माणुसकी नव्हती. पण या शेजाऱ्यांना बाजूला ठेवूनही चालत नाही, कारण दोघांना टेबलावर ओढून आणायची ताकद त्यांच्यातच. अमेरिका, ब्रिटन, नॉर्वे ही तिकडी पैसा आणि दबाव लावते, तोही लागतोच.

दुसरं, सही कशी झाली ते बघा. 2015 च्या शांतता करारावर माचार यांनी 17 ऑगस्टला सही केली, कीर यांनी त्या दिवशी केलीच नाही, 26 ला जुबात केली आणि सोबत आक्षेपांची यादी जोडली. आपल्याकडे वाटणीच्या कागदावर एखादा काका 'सही करतो पण मला मान्य नाही' म्हणतो ना, तस्सं. तिथेच समजायचं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, बंदूकवाले कुठे राहणार. करारात मंत्रिपदं कोणाला किती हे पेपरवाले चवीने छापतात पण खरी गोम सैन्यात असते. त्या करारानुसार परत उपराष्ट्राध्यक्ष व्हायला एप्रिल 2016 मध्ये माचार जुबात परतणार होते तेव्हा सोबतच्या माणसांनी किती मशीनगन आणि रॉकेट लाँचर आणायचे यावरून त्यांचं येणं दिवसेंदिवस लटकलं. शेवटी 26 एप्रिलला आले. एका शहरात दोन फौजा, दोघांचे वेगळे साहेब. 8 जुलैला दोघे नेते राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात पत्रकारांसमोर बसलेले असताना बाहेर त्यांच्याच अंगरक्षकांची एकमेकांवर फायरिंग सुरू झाली. माचार जंगलातून पायी काँगोत पोचले. तीन महिने पण टिकलं नाही. तिथल्या आपल्या लोकांना आणायला भारताने तेव्हा विमानं पाठवली होती, ऑपरेशन संकटमोचन, आठवत असेल.

यूएनकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यांच्या शांतिसेनेने हजारो लोकांना आपल्या तळांवर आसरा दिला, आपले भारतीय जवानही तिथे गेलेत, 2019 मध्ये तिचे फोर्स कमांडर झाले लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर. पण युद्ध थांबवणं तिच्या हातात नाही. शस्त्रबंदीचंच बघा, डिसेंबर 2016 ला सुरक्षा परिषदेत 7 मतं पडली, हवी होती 9, ठराव पडला. मंजूर झाला जुलै 2018 मध्ये, तेव्हा बरोब्बर 9.

आणि शेवटी 'मुदतवाढ' हा शब्द दिसला की पेन्सिलने खूण करा. सप्टेंबर 2018 चा नवा करार, दोघांचं मिळून सरकार बनायचं मे 2019 ला, मग नोव्हेंबर, मध्ये एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये गुडघे टेकून दोघांचे बूट चुंबले, तरी सरकार आलं 22 फेब्रुवारी 2020 ला. निवडणूक डिसेंबर 2024 वरून डिसेंबर 2026 वर ढकलली आणि मार्च 2025 मध्ये माचार नजरकैदेत, सप्टेंबरमध्ये देशद्रोहाचा आरोप.

भाच्याने विचारलं, मग 2018 च्या करारात नवीन काय होतं? म्हटलं उपराष्ट्राध्यक्ष. किती? पाच. तो हसायला लागला, म्हटलं हसू नकोस, पाचांची नावं काढ आणि प्रत्येकाच्या मागे कोणाची फौज आहे ते लिहून आण.